गुळात लपवलेला कांदा

कांद्याचा वास मला सहन होत नाही. चिरलेल्या कांद्याचा, फोडणीतल्या कांद्याचा, बोटांना राहिलेल्या कांद्याचा, सगळ्याचाच. वऱ्हाडात राहून कांदा न खाणं म्हणजे लोकांच्या चेष्टेला आयतं गिऱ्हाईक होणं. कुणाकडे जेवायला गेले आणि ताटातली कांद्याची फोड मी काठाला सरकवली, की वाढणारी बाई हटकून विचारते, "काहून वं, माळ घातली काय?" आम्ही बौद्ध. मी पाच-सहा वर्षांची असताना घरातले देव गेले ते गेलेच, आता या वयात मी कुठली माळ घालणार? मी हसते आणि पित्ताचा त्रास आहे म्हणून सांगते. पित्तबित्त काही नाही. मला किळस येते, आणि त्या किळसेत कांद्याचा वाटा थोडा आणि माझा जास्त आहे.

लग्नाच्या पंगती उठल्यावर लोक उष्ट्या पत्रावळी कुत्र्यांपुढे टाकतात ना, तिथं तर माझं डोकंच फिरतं. वांग्याच्या भाजीतला कांदा, रश्श्यातला कांदा, वर कच्च्या कांद्याच्या चकत्या, आणि वर तोंड करून म्हणायचं, मुक्या जीवाच्या मुखी लागलं, पुण्य झालं. मी एकदोनदा भांडले आहे. लोक म्हणतात, मास्तरीणबाईंचं वय झालं. होऊ द्या झालं तर.

गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात मोडायचा. मी नुकतीच मास्तरीण झाले होते, कामरगावला खोली घेऊन राहायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत किन्हीराजाला मायकडे यायची. बाप मी लहान असतानाच गेलेला. तीन एकराचं वावर होतं, शिवाराच्या अगदी टोकाला, नाल्याच्या अंगाला, आणि ते माय एकटी कसायची. एकट्या बाईचं वावर म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते रस्ताच वाटतं. कुणी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून विडी ओढायचा, कुणी बैल चारून न्यायचा, कुणी उगाच उभा राहून बघायचा. हे बघत उभं राहणं तिला सगळ्यात वाईट वाटायचं. ती मला कधी फोड करून सांगायची नाही, पण वावरात जाताना विळा कमरेला खोचून जायची, आणि तो विळा काही गवतासाठी नसायचा.

मग कुत्रा आला. आला म्हणजे एका पावसाळ्यात मायच्या मागं मागं वावरातून घरी चालत आला आणि राहिला. तांबडा, एक कान चिरलेला, शेपूट कायम वर. आमच्याकडं कुत्र्याला नाव ठेवायची कुणाला हौस नव्हती. माय "ये रे" म्हणायची आणि तो यायचा. दिवसभर तो धुऱ्यावरच्या बाभळीखाली पडून राहायचा आणि कुणी वावराकडं वळला की असा उठायचा की तो माणूस दुसरीकडून जायचा. विळा पुन्हा भिंतीला टांगला गेला. माय वावरात गाणं म्हणते हे मला त्या वर्षी शेजारणींकडून कळलं. तिला गाता येतं हेच मला माहीत नव्हतं.

आता त्या उन्हाळ्याचं सांगते. वैशाखातलं ऊन. माय पहाटे उजाडायच्या आधी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला जायची आणि दुपारी घरी यायची, कुत्रा तिच्याबरोबर. आमच्याकडं उन्हाचा एकच डॉक्टर, तो म्हणजे कांदा. पोरांच्या खिशात कांदा, बायांच्या पदराच्या गाठीत कांदा, टोपीखाली कांदा. ऊन लागलं तर कांदा किसून त्याचा रस तळपायाला चोळायचा आणि वर गूळ घालून प्यायचा. मीही कामरगावला माझ्या वर्गातल्या पोरांना हेच शिकवायची, फळ्यावर चित्र काढून. मोठा गोल कांदा आणि वर सूर्य.

एका दुपारी कुत्रा वावरातून आला तो अंगणात धापकन पडला. जीभ हातभर बाहेर, पोट भात्यासारखं हलतंय. आम्ही त्याच्यावर पाणी ओतलं, रांजणाच्या ओलीला ओढून नेलं. संध्याकाळपर्यंत तो उठून बसला, मायच्या हातची भाकर खाल्ली. तेवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण शेजारचे आबाजी आले. आबाजी म्हणजे आमच्या आळीतले सगळ्यात म्हातारे, आणि औषध सांगायला पैसे पडत नसल्यामुळे ते ज्याला त्याला औषध सांगत. त्यांनी कुत्र्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ऊन लागलं त्याले. माणसाले लागते, मंग कुत्र्याले नाही लागत काय? कांदा द्या."

मला ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा मिरवायला मिळालं. मी शिकलेली, मी उन्हाचा धडा शिकवणारी. मायच्या खाटेखाली पांढरे कांदे पसरून ठेवलेले होते, त्यातला मी सगळ्यात मोठा उचलला, किसला आणि कुत्र्यापुढं ठेवला. त्यानं हुंगलं, शिंकला आणि उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला.

माय म्हणाली, "राहू दे वं. त्याले नको वाटून राह्यलं."

"माय, तुले काय समजते?" मी म्हणाले.

हे वाक्य मी तेव्हा असं फेकलं, जसं पाय धुऊन पाणी फेकतात. ते अजून माझ्या कानात आहे. मायला काय समजायचं ते समजत होतं. कुत्र्यालाही समजत होतं. त्या घरात न समजणारी मी एकटीच होते आणि शिकलेलीही मी एकटीच.

मग मी अक्कल चालवली. कुत्र्याला गुळाचं वेड होतं. गुळाची ढेप फोडायला घेतली की तो गावात कुठंही असो, दारात हजर. मी किसलेला कांदा गुळात कालवला, वर भाकरीचा चुरा लावला आणि लिंबाएवढाले गोळे केले. तो चिकट, पाणी सुटलेला, उग्र वासाचा लगदा मी या हातांनी वळला. कुत्रा आला, थबकला, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि गुळासाठी खाऊन टाकलं. वर माझा तळहात चाटला. मला केवढा आनंद झाला! आबाजींना ओरडून सांगितलं, "खाल्ला!" आबाजी ओट्यावरून म्हणाले, "पाहाय, म्हटलं नव्हतं?"

असं मी रोज केलं. रोज एक मोठा कांदा. माय त्याला वावरात न्यायची, दुपारी आणायची, आणि आला की मी गोळे घेऊन तयार. चौथ्या की पाचव्या दिवशी तो मायच्या मागं निघाला आणि वेशीपासून परत आला. शेपूट पहिल्यांदाच खाली. अंगणात येऊन तो भिंतीला पाय वर करून मुतला आणि माय ओरडली.

काथ कालवलेल्या पाण्यासारखं लाल. सकाळीच शेणानं सारवलेल्या अंगणात ते लाल ओघळत गेलं आणि त्यावर माश्या बसल्या. मला ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मायनं चुलीतली राख आणून त्यावर टाकली, तर राखेतूनही लाल वर आलं.

आबाजी लगेच हजर. वाकून बघितलं, नाकाला धोतराचा सोगा लावला आणि निकाल दिला, "उन्हाळी लागली त्याले."

उन्हाळी म्हणजे उन्हानं लघवीला आग होणं, लाल होणं. आमच्याकडं शेंबडं पोरही हे ओळखतं. आता सांगा, उन्हाळी लागल्यावर आम्ही काय देणार? ऊन बाहेर काढायला काय देणार? आबाजींनी सांगायच्या आधीच मी खाटेखाली वाकले होते. एकाचे दोन कांदे केले.

इथून पुढचं सांगताना मला माझीच शिसारी येते, पण सांगायला सुरुवात केली आहे तर सांगते. कुत्रा आता गुळालाही तोंड फिरवायला लागला. ज्याला गुळाच्या वासानं गावभर पाय फुटायचे, तो माझ्या हातातला गूळ बघून भिंतीकडं तोंड करायचा. मी त्याला दोन गुडघ्यांत धरायची, डाव्या हातानं जबडा उघडायची आणि उजव्या हातानं गोळा आत, पार घशापर्यंत ढकलायची. मग तोंड मिटून धरायची, तो गिळेपर्यंत. जबडा उघडला की हिरड्या दिसायच्या. एरवी काळपट गुलाबी असायच्या, आता चुना लावल्यासारख्या पांढऱ्या. मला वाटायचं, उन्हानं सुकल्यात. तो ओकायचा. गूळ, कांदा, फेस, सगळं माझ्या पायावर. त्या गोड-उग्र ओकारीचा वास खोलीत भरून राहायचा आणि मी नाक दाबून पुन्हा नवीन गोळा वळायला बसायची. इतक्या सगळ्यात तो मला एकदाही चावला नाही. दात माझ्या मनगटाला लागायचे, पण तो ते मिटायचा नाही.

माय चुलीपाशी बसून बघायची. दुसऱ्यांदा तिनं एवढंच म्हटलं, "लय ताकत लावू नोको वं, त्याचा जबडा दुखन." मी पुढचा गोळा वळायला घेतला.

तिला वेगळीच टोचणी लागली होती. ती सारखी म्हणायची, "म्या त्याले उनात नेलं. घरीच बांधाले पाह्यजे होतं." तिनं त्या दिवसांत वावरात जाणं बंद केलं. अर्ध्या पऱ्हाट्या तशाच उभ्या राहिल्या. दिवसभर ती ओला फडका त्याच्या डोक्यावर ठेवायची, तो वाळला की परत भिजवायची. मी गोळे द्यायची, ती फडका ठेवायची. दोघी मिळून आम्ही त्याला बरा करत होतो.

आठव्या की नवव्या दिवशी सकाळी तो उठला, रांजणापर्यंत चार पावलं गेला आणि बसला. श्वास वरचेवर, पळून आल्यासारखा. मी म्हटलं, आज गोळा थोडा गोड करते. गूळ दुप्पट घातला. तो कसा कुणास ठाऊक, त्यानं आपणहून खाल्ला. सवयीनं असेल, नाहीतर मी पुन्हा जबडा धरू नये म्हणून असेल. माझा हात चाटायचा प्रयत्न केला, जीभ अर्धी आली. ती जीभही पांढरी. दुपारच्या आत तो गेला.

मायनं आणि मी त्याला पोत्यावर घालून वावरात नेलं. बाभळीखाली खड्डा केला. माती लोटताना माय रडली नाही. ती मातीशी बोलावं तसं खाली बघत बोलली, "म्या मारला याले."

"माय, ऊनच तसं होतं," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं. तोपर्यंत तरी मी खोटं बोलत नव्हते.

त्यानंतर मायनं कुत्रा पाळला नाही. पाळला तर नाहीच, पण गावातलं एखादं कुत्रं तिच्या मागं वावराकडं निघालं की ती ढेकूळ उचलून भिरकवायची आणि ओरडायची, "घरी जाय! सावलीत जाय!" लोकांना वाटायचं, म्हातारीला कुत्र्यांचा राग आहे. विळा भिंतीवरून पुन्हा कमरेला आला. पुढच्या पावसाळ्यात तिनं वावर एकाला बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलं आणि स्वतः बायांच्या टोळीत दुसऱ्यांच्या निंदणाला जाऊ लागली. आपल्याच वावरात पाय ठेवायला तिला नको झालं. गाणं बंद झालं ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

दोन वर्षं गेली. पुन्हा उन्हाळ्याची सुट्टी, पुन्हा मी किन्हीराजात. आबाजींकडं त्या वर्षी कांदे फार झाले होते. गोठ्याच्या मागं टाकलेला ढीग अवकाळी पावसात भिजला आणि सडला. काय तो वास! तोंडात भाकरीचा घास असताना वारा तिकडून आला की घास बाहेर यायचा. ढिगाखालून पिवळं पाणी वाहायचं, त्यात अळ्या वळवळायच्या. आबाजींनी तो ढीग उचलून फेकायचा कंटाळा केला आणि वरचे बरे बरे कांदे म्हशीपुढं टाकले. म्हैस दोन दिवस चवीनं खात होती. तिसऱ्या दिवशी ती लाल मुतली.

मला ते अंगणातून दिसलं. तोच रंग. मी ताडकन उठून उभी राहिले.

म्हैस दुधाची होती, म्हणून या वेळी आबाजींनी स्वतःचं औषध न करता ढोरांच्या डॉक्टरला बोलावणं धाडलं. डॉक्टर फटफटीवर आला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, वासानं तोंड वाकडं झालेलं. त्यानं म्हशीच्या डोळ्याची पापणी उलटून पाहिली, मग ढीग पाहिला आणि आबाजींवर बरसलाच, "हे खाऊ घातलं तुम्ही? कांद्यानं जनावराचं रक्त फुटतं, बाबा. फुटलेलं रक्त मुतावाटे येतं. बंद करा हे आधी."

आबाजी म्हणाले, "आमी तं म्हटलं उन्हाळी लागली."

"उन्हाळी लागली म्हणून अजून कांदा घातला असता, तर म्हैस गेली असती."

मी कुंपणापाशी उभी होते. मी विचारलं, "डॉक्टर, कुत्र्यालाही होतं का असं?"

"होतं तर. कच्चा काय, शिजलेला काय, कांदा कुत्र्याला विषच. पण कुत्रं आपणहून कशाला खातंय कांदा? वासानंच पळतं ते."

"गुळात घालून दिला तर?"

डॉक्टर हसला. "गुळात घालून? कोण्या शहाण्यानं दिला?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "असंच विचारलं."

आबाजी माझ्याकडं बघत होते. त्यांना सगळं आठवलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हशीचं दावं नीट करायला लागले. त्या दिवसानंतर आम्ही दोघं एकमेकांशी कधी कुत्र्याबद्दल बोललो नाही. दोन चोर जसे एकमेकांना टाळतात तसे टाळत राहिलो. म्हैस वाचली.

त्या दुपारी मी ठरवलं की मायला सांगायचं. तुझ्या उन्हानं नाही मेला तो, माझ्या हातानं मेला. एवढंच तर वाक्य होतं. माय कामावरून आली, हातपाय धुतले, भाकरी थापल्या. मग तिनं एक कांदा पाटावर ठेवला, मुठीनं फोडला आणि त्यातला आतला गोड कोंब, जो ती नेहमी मला द्यायची, तो माझ्या ताटात टाकला. मी तो उचलला आणि तोंडाशी नेला, तर तोच वास, तीच गोड-उग्र ओकारी. मी उठून बाहेर गेले आणि भडाभडा ओकले. माय पाठीवर हात फिरवत म्हणत होती, "ऊन लागलं काय वं तुले?" त्या दिवसापासून मी कांदा खाल्ला नाही. आणि सांगितलंही नाही.

का नाही सांगितलं? मी कारणं खूप गोळा केली होती. तिला उगाच दुःख होईल. झालं ते झालं. कशाला जुनं उकरायचं? सगळी खोटी. सांगितलं असतं तर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं आणि ते माझ्या डोक्यावर आलं असतं, हे मला स्वच्छ कळत होतं. मी शिकलेली होते, मला हिशेब येत होता. "तुले काय समजते" म्हणणाऱ्या तोंडानं "मलाच समजलं नाही" म्हणायची माझी तयारी नव्हती, बस्स.

दर सुट्टीत मी मनाशी म्हणायची, या वेळी. माय दर उन्हाळ्यात दारापुढं, वाटेनं जाणाऱ्या कुत्र्यांसाठी, मातीचं भांडं भरून ठेवायची आणि पाणी तापलं की दिवसातून चारदा बदलायची. मी ओट्यावर बसून तिच्याकडं बघायची.

दशक सरता सरता माय अंथरुणाला खिळली. मी रजा काढून आले. सकाळची दहा-अकराची वेळ, दार उघडं, बाहेर ऊन पडलेलं. समोरच्या घरच्यांनी कुत्रं खांबाला बांधलं होतं आणि सावली सरकून ते उन्हात आलं होतं. मायनं खाटेवरून ते बघितलं आणि ती एवढी तळमळली की मला तिला धरावं लागलं. "जाय वं, सोड त्याले. सावलीत बांध." मी धावत जाऊन त्याला सावलीत बांधलं, पाणी ठेवलं आणि परत आले. ती छताकडं बघत होती.

"म्या उनात नेला त्याले," ती म्हणाली. "नव्हतं न्याचं."

मी तिच्या उशाशी बसले. आता सांगायचं होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं. तिला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. मी "माय" म्हणून हाक मारली. तिनं माझा हात शोधून धरला, तोच उजवा, आणि अंगठ्यानं तळव्यावरून हळूहळू फिरवत राहिली.

"पन जाताखेपी तुया हातचा गूळ खाऊन गेला," ती म्हणाली. "तेवढं तरी गोड झालं त्याचं तोंड. नाही का वं?"

"हो, माय," मी म्हणाले.

तिनं समाधानानं मान हलवली.